रिझोल्यूशन म्हणजे 'स्पष्टता' नव्हे

परभणीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, सरफेस प्लाझ्मॉन मायक्रोस्कोपीवरील मराठी टिपणात प्रतिमेच्या 'रिझोल्यूशन'ला, म्हणजे जवळचे दोन ठिपके वेगवेगळे दिसण्याच्या गुणाला, 'स्पष्टता' म्हणावे की 'विभेदन'. ठराव, संकल्प हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. ते सोडून देतो. 'स्पष्टता' मात्र हरघडी कानावर पडते आणि ती साफ चूक आहे.

रोथेनहॉय्झलर आणि नोल यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत, साधारण ५० नॅनोमीटर जाडीच्या धातूच्या पापुद्र्यावर प्रकाशाने इलेक्ट्रॉनांची लाट, म्हणजेच प्लाझ्मॉन, उठवतात. त्यावरचा काही नॅनोमीटरचा थरही प्रतिमेत ठसठशीत उठून दिसतो, म्हणजे स्पष्टतेला तोटा नाही. तरीही काही मायक्रोमीटर अंतरावरचे दोन ठिपके एकमेकांत मिसळतात, कारण लाट विरेपर्यंत पुढे सरकत राहते आणि प्रतिमा त्याच दिशेने फरफटते. सोन्यावर ती लवकर विरते, चांदीवर दूरवर जाते. म्हणून चांदीवर थर अधिक उठून दिसतो, पण रिझोल्यूशन कमी.

'विभेदन' रूढ आहे, पण मला पटत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, 'भिदिर् विदारणे' (भिद् म्हणजे फाडणे) आहे, आणि सूक्ष्मदर्शक काही फाडत नाही. 'भेद म्हणजे फरकही' असे सांगून परिभाषाकोशकार सुटका करून घेतात. परंतु दोन वस्तूंत फरक असणे निराळे आणि त्या वेगवेगळ्या दिसणे निराळे, एवढे ज्यांना जाणवत नाही त्यांनी परिभाषा घडवू नये.

इथे खरा क्रियाधातू 'विच्': 'विचिर् पृथग्भावे', म्हणजे वेगळे होणे. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच अध्यायात, कांडलेले धान्य पाखडतानाचा मंत्र आहे, 'वायुर्वो विविनक्तु', वायू तुम्हांला वेगळे करो. आपला 'विवेक' याच सुपातून आला. गीतेच्या तेराव्या अध्यायातील 'विविक्तदेशसेवित्वम्' मधला 'विविक्त'ही त्याचाच. आपल्याकडे खळ्यावर ज्वारी उफणताना नीट पाहावे: दाणा पायाशी पडतो, भुसा वाऱ्याबरोबर लांबवर ओढला जातो, पण वाऱ्याला आडव्या अंगाने त्याचा पट्टा अरुंदच राहतो. प्लाझ्मॉनच्या प्रतिमेतही ठिपका लाटेच्या दिशेने लांबतो आणि आडव्या दिशेने रेखीव राहतो. म्हणून माझा शब्द 'विविक्तता'. 'लाटेच्या दिशेतील विविक्तता कमी, आडवी अधिक' असे तिने बेधडक लिहावे. परीक्षक अडून बसलेच, तर 'विभेदन' चालेल. 'स्पष्टता' कदापि नाही.