डुकराच्या जिवाणूत सुइलायसिनचं जनुक सापडलं, म्हणजे तो माणसाला घातक का?

तुम्ही विचारलंय की निरोगी डुकरांच्या टॉन्सिलमधून मिळालेल्या स्ट्रेप्टोकॉकस सुइसमध्ये (डुकरांत राहणारा, माणसालाही आजारी पाडू शकणारा जिवाणू) पीसीआरवर, म्हणजे ठरावीक जनुक आहे का ते पाहणाऱ्या चाचणीत, एमआरपी (जिवाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) आणि सुइलायसिन (पेशी फोडणारं त्याचं विष) यांची जनुकं पॉझिटिव्ह आली, तर हा स्ट्रेन (जिवाणूचा वाण) माणसाला घातक मानायचा का, आणि डुकराचा व माणसाचा जिवाणू मुळात वेगळा असतो का.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर स्वच्छ आहे. नाही, वेगळा नसतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो स्ट्रेनचे संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए) ताडून पाहिले गेले. आजारी माणसांतून मिळालेले स्ट्रेन सगळे एकाच घातक गटातले निघाले, पण त्या गटात डुकराचा स्ट्रेन कुठला आणि माणसाचा कुठला हे जीनोमवरून सांगता येईल असा एकही ठाम फरक सापडला नाही. डुकराच्या रक्तात आणि मेंदूत शिरू शकणारा जिवाणू संधी मिळाली की माणसातही तेच करतो. ही संधी म्हणजे हातावरची जखम किंवा कच्चं मांस, कच्चं रक्त. त्याच अभ्यासातली मला फार आवडणारी गोष्ट अशी, की गंभीर आजार करणाऱ्या स्ट्रेनमध्ये एकूण जनुकं कमी होती, पण रोगकारकतेशी संबंध असलेली जनुकं मात्र जास्त होती.

आता तुमच्या पीसीआरकडे येऊ. मी या क्षेत्रात नवीन असताना एमआरपी, ईएफ (जिवाणू बाहेर सोडतो ते एक प्रथिन) आणि सुइलायसिन हे तिन्ही पॉझिटिव्ह दिसले की अहवालात सरळ 'घातक' लिहायचे. युरोपातल्या सिरोटाइप 2 ने (सिरोटाइप म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरून ठरवलेला प्रकार) आजारी पडलेल्या डुकरांत हे तिन्ही एकत्र आढळायचे, म्हणून ही सवय पडलेली. पण ही खूण आहे, कारण नव्हे. 1990 च्या दशकात एमआरपी आणि ईएफ दोन्ही काढून टाकलेला स्ट्रेन पिलांना टोचला गेला, तरी पिलं मूळ स्ट्रेनइतकीच आजारी पडली. याउलट जिवाणूभोवतीची कॅप्सूल, म्हणजे शर्करांचं ते आवरण, काढली की तो जवळजवळ निरुपद्रवी होतो, कारण तिच्याविना पांढऱ्या पेशी त्याला सहज गिळतात. उत्तर अमेरिकेतल्या सिरोटाइप 2 मध्ये एसटी25 आणि एसटी28 हे प्रकार (एसटी म्हणजे काही ठरावीक जनुकांच्या अक्षरांवरून ठरवलेला प्रकार) जास्त दिसतात आणि त्यांच्यात सुइलायसिन सहसा नसतंच. ते एसटी1 या घातक प्रकारापेक्षा सौम्य असले, तरी डुकरं त्यांच्यामुळेही आजारी पडतात.

दुसरं, 'जनुक आहे' यात त्याची कोणती आवृत्ती आहे हे येत नाही. ईएफचं एक लांबलेलं रूप असतं. ते बाळगणाऱ्या स्ट्रेननी प्रयोगात डुकरांना बहुतेक सौम्यच आजार दिला. एमआरपीचीही लहानमोठी रूपं आहेत. जेलवर (पीसीआरमधले डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) पट्टी आली की तिची लांबी पाहायला विसरू नका. माझ्या मते अर्धी माहिती तिथेच हरवते.

आणि कधी कधी लांबीही मदत करत नाही. सिरोटाइप 2 आणि सिरोटाइप 1/2 (हे एका वेगळ्या प्रकाराचं नावच आहे) यांच्या कॅप्सूलमधला फरक सीपीएसके नावाच्या जनुकातल्या डीएनएच्या फक्त एका अक्षरावर उभा आहे! त्या एका अक्षराने सिरोटाइप 1/2 च्या प्रथिनात 161 व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी सिस्टीन (दोन्ही प्रथिनाचे घटक) येतं, आणि त्यामुळे कॅप्सूलमधली एक शर्करा बदलते. नेहमीच्या पीसीआरला हे दोघे सारखेच दिसतात. माणसातले बहुसंख्य रुग्ण सिरोटाइप 2 चे असतात, म्हणून हा गोंधळ मला खटकतो.

चीनच्या सिचुआन प्रांतातली 2005 ची साथ वाचा. 215 रुग्ण होते. त्यातल्या 61 जणांना टॉक्सिक शॉक (रक्तदाब कोसळून अवयव निकामी होणं) झाला आणि त्या 61 मधले 38 दगावले. तोवर हा जिवाणू म्हणजे मुख्यतः मेंदूज्वर आणि त्यानंतर येणारं बहिरेपण, अशीच ओळख होती. साथीचा स्ट्रेन एसटी7 होता, म्हणजे टायपिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या सात जनुकांपैकी फक्त एकात एसटी1 पेक्षा वेगळा. एमआरपी, ईएफ, सुइलायसिन हे तिन्ही दोघांतही असतात, त्यामुळे तुमच्या पीसीआरने त्यांना वेगळं ओळखलं नसतं. एसटी7 मध्ये सुमारे 89 हजार अक्षरांचा एक जास्तीचा तुकडा सापडला. त्यावर परिस्थिती ओळखून इतर जनुकं चालू-बंद करणारी एक जोडी आहे, सॅल-के आणि सॅल-आर. ती जोडी काढली की स्ट्रेनची धार बोथट होते.

म्हणून तुमच्या स्ट्रेनबद्दल आज एवढंच म्हणता येईल की तो शंकास्पद आहे. निरोगी डुकराच्या टॉन्सिलमध्ये घातक स्ट्रेनही गुपचूप राहू शकतो, त्यामुळे 'डुक्कर धडधाकट होतं' हा दिलासा धरू नका. सिरोटाइप आणि एसटी काढा. जमलं तर थेट पूर्ण जीनोम वाचून घ्या, म्हणजे सीपीएसके, ईएफची लांबी आणि तो 89 हजारांचा तुकडा एकाच वेळी कळेल. तोवर अहवालात 'घातक' न लिहिता कोणती जनुकं कोणत्या लांबीची मिळाली ते लिहा. आणि जिवाणू वाढवलेली प्लेट हाताळताना हातावर साधा ओरखडा असला तरी हातमोजे घातल्याशिवाय बसू नका.