वेलबुट्टीतील ‘बुट्टी’ कोणती?

‘कापडावरील फुलापानांच्या नक्षीला वेलबुट्टी म्हणतात, पण आपल्याकडे बुट्टी म्हणजे टोपली. मग या नक्षीच्या मुळाशी फुलांची परडी आहे काय?’ असे सोलापुरातील एका वाचकाने विचारले आहे. शंका रास्त आहे. भाकरीची बुट्टी इथे सर्वांच्या परिचयाची आहे, टोपलीला कन्नडमध्ये ‘बुट्टि’ आणि तेलुगूत ‘बुट्ट’ म्हणतात, आणि मराठीसह या दोन्ही भाषा रोज कानांवर पडणाऱ्या शहरात टोपलीच आधी आठवावी, यात नवल नाही.

मात्र वेलबुट्टीतील बुट्टी निराळी. हिंदीत ‘बूटा’ म्हणजे रोप, ‘जडीबूटी’तील बूटी म्हणजे वनस्पती, आणि फारसीत ‘बुते’ म्हणजे झुडूप. या कुळातला शब्द मराठीत द्वित्ताने रुळला आणि जोडाक्षरापूर्वीचा उकार आपल्या रीतीप्रमाणे ऱ्हस्व झाला. म्हणून ‘वेलबूट्टी’ लिहू नये. मोठा तो बुट्टा, लहान ती बुट्टी.

या जोडशब्दात वनस्पतींच्या वाढीच्या दोन तऱ्हा एकत्र आल्या आहेत. वेल आधार शोधत वळणे घेत जाते, प्रत्येक वळणावर पान किंवा कळी धरते आणि कुठे थांबावे हे तिला ठाऊक नसते, म्हणून साडीच्या लांबच लांब काठाला ती शोभते. रोप मात्र आपल्या जागी एकटे उभे असते, म्हणून बुट्ट्या अंगभर अंतराअंतराने विखुरतात. दोन्ही मिळून एकच नक्षी मानली जात असल्याने हा समाहार द्वंद्व समास ठरतो आणि आपण ‘वेलबुट्टी काढली’ असे एकवचनीच म्हणतो.

भरतकामात सुई मोकळी असल्यामुळे वेल हवी तशी वळते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर तसे होत नाही. तिथे नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवतात, एकेक चौकट म्हणजे ताण्याबाण्याची, उभ्या-आडव्या धाग्यांची, एकेक गाठभेट, आणि पत्त्याला जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. त्यामुळे प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांनी चढते. तलम रेशमात त्या पायऱ्या नजरेत भरत नाहीत. सोलापुरी चादरीच्या जाड सुतात मात्र पाकळीची कड जवळून पाहिली की त्या मोजता येतात. फुलाचा हा कोनीय घाट मला तरी उणीव वाटत नाही.

एकाच आकारात कोणाला काय दिसावे, हेही पाहण्यासारखे आहे. टोकाशी वळलेल्या थेंबासारख्या आकृतीत इराणी कारागिरांनी झुडूप पाहिले, आपण त्यात कैरी पाहिली आणि हळदकुंकवाच्या कोयरीचे नाव तिला दिले; इंग्रजांनी तर ती पेस्ली या स्कॉटिश गावाच्या नावाने ओळखली, कारण काश्मिरी शालींच्या नकला १९व्या शतकात तिथे विणल्या जात.

‘नक्षी’ हा अरबी ‘नक्श’वरून आलेला शब्द याहून व्यापक आहे. करवतीच्या दातांचा काठ किंवा नुसत्या चौकड्यांची चादर नक्षीदार म्हणता येईल. तिला वेलबुट्टीची म्हणणे मात्र चुकीचे.