३०८ घोडे नेमके कुठले?
बॉनेट उघडून : वाचकांचे प्रश्न

ताई, माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे. एप्रिलमध्ये पुण्यात स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलणं) करून घेतला, बाकी सगळं कंपनी फिटिंग. डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर काढणारं यंत्र) तीन रन झाले : ३०८, ३०१, २९४. पहिल्याचं शीट छापून मिळालं. त्यावर ‘पॉवर ३०८ पीएस, टॉर्क ३६७ न्यूटन-मीटर’ असं आहे (पीएस म्हणजे अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर). कंपनीचे आकडे २३० आणि ३५०. म्हणजे पॉवर ७८नं वाढली आणि टॉर्क फक्त १७नं? मित्राची अशीच गाडी, रीमॅपही तोच. त्याला नवी मुंबईत २९६ पीएस मिळाले, पण टॉर्क ४१५. त्याच्या शीटवर दुरुस्ती १.०३ आहे आणि नुकसान रोलरवर मोजलंय. तो मला रोज चिडवतो. कोणाचं शीट खरं?
— अ. दे., नाशिक

शीटचा फोटो सोबत जोडलात, फार बरं केलंत. नुसता आकडा कळवून ‘बरोबर आहे का?’ विचारणाऱ्यांची पत्रं मी बाजूला ठेवते, कारण त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

आधी कॅल्क्युलेटर घ्या. डायनो पॉवर थेट मोजत नाही. रोलरवर किती जोर पडतोय आणि रोलर किती वेगानं फिरतोय, एवढंच त्याला कळतं, पॉवर हा त्यातून काढलेला गुणाकार असतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये धरा, त्याला आरपीएमनं गुणा आणि ७०२४नं भागा, की पीएस येतात. हे कंपनीच्या आकड्यांवरच करून बघा : ३५० न्यूटन-मीटर ४६०० आरपीएमपर्यंत मिळतो, म्हणजे ३५० गुणिले ४६०० भागिले ७०२४, उत्तर २२९. कंपनी ४७०० पासून २३० सांगते. हिशोब चोख बसतो.

आता तुमचं शीट. पॉवरची रेघ ५६०० आरपीएमला ३०८वर टेकते. त्याच ५६००वर टॉर्कची रेघ बघा, ती ३२९वर आहे. ३२९ गुणिले ५६०० भागिले ७०२४ म्हणजे २६२. तीनशे आठ नाही! एकाच क्षणाचे दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर त्या दोन रेघा एकाच जागेच्या नाहीत. २६२ला ०.८५नं भागून बघा : ३०८. सापडलं. टॉर्क चाकावरचा छापलाय आणि पॉवर इंजिनावरची. पॉवरमध्ये गिअरबॉक्स-टायरमध्ये जाणारे १५ टक्के परत मिळवलेत, टॉर्कमध्ये मिळवायचे राहिलेत. तेच टॉर्कला लावलं तर ३६७चे ४३२ होतात. तेव्हा मित्राला सांगा, टॉर्कवरून चिडवणं बंद.

ट्यूनरनं, म्हणजे रीमॅप करणाऱ्यानं, मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीच्या खुणा वेगवेगळ्या असतात, एक राहून जाते. पण ते १५ टक्के मात्र मला खटकतात. मी कितीतरी वर्षं चिंचवडला इंजिन टेस्ट सेलमध्ये होते. तिथे इंजिन एकटं बेडवर बसतं, डायनो थेट क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) जोडलेला, त्यामुळे चाकावर किती आणि इंजिनावर किती हा वादच नव्हता. रोलरवर मात्र मधलं नुकसान किती हा अंदाज असतो, आणि १५ टक्के हा तर निव्वळ रिवाज. विचार करा : २३० पीएस असताना गिअरबॉक्स-टायर मिळून ३४-३५ खात होते. रीमॅपनंतर ३०८ धरले तर ४६ खातात. गिअरबॉक्स तोच, ऑइल तेच, टायर तेच, मग लॅपटॉप जोडल्यावर त्यांची भूक बारानं कशी वाढली? लोड वाढला की दातांमधलं घर्षण थोडं वाढतं हे खरं, पण नुकसानाचा बराचसा भाग ऑइल घुसळण्यात आणि टायर सतत चेपला जाण्यात जातो, आणि तो पॉवरवर नाही, वेगावर ठरतो.

यापेक्षा मोठा घोळ शीटच्या तळाशी आहे, बारीक अक्षरांत. ‘३६ अंश, ९४७ मिलिबार, एसएई, १.०९.’ ही हवामानाची दुरुस्ती. एसएई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमात हवा २५ अंशांची आणि कोरड्या हवेचा दाब ९९० मिलिबार धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर, त्यात एप्रिलची दुपार. हवा विरळ, म्हणून यंत्रानं मोजलेल्या आकड्यावर ९ टक्के चढवले. म्हणजे चाकावर प्रत्यक्षात मोजले गेले २४०, दुरुस्तीनं २६२ झाले, मग १५ टक्क्यांनी ३०८.

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला ही दुरुस्ती योग्यच. त्याला बाहेर असेल ती हवा ओढावी लागते. तुमच्या इंजिनाचं तसं नाही. इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा इंजिनात जाते त्या नळ्यांत, ठरलेला दाब मागतो, बाहेर हवा विरळ असली तर वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) जास्त बंद ठेवून टर्बो जोरात फिरवतो आणि मागितलेला दाब बहुतेक गाठतो. जे नुकसान टर्बोनं आधीच भरून काढलं, तेच सॉफ्टवेअर पुन्हा भरून देतंय. हा फुगवटा घाटावरच्या जवळजवळ प्रत्येक टर्बो गाडीच्या शीटवर दिसतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो सगळ्यांना गोड लागतो.

दुरुस्ती काढून टाकली तर तुमचे इंजिनावर २८३ येतात. मित्राच्या शीटवर दुरुस्ती १.०३ आहे असं तुम्ही लिहिलंय, समुद्रकाठी तेवढीच अपेक्षित. ती काढली की त्याचे २९६चे २८७ होतात. टॉर्क तुमचा ३९६, त्याचा ४०३. त्याच्या डायनोनं नुकसान १५ टक्के न धरता रन संपल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये रोलरवर मोकळी सोडून मोजलंय, तेव्हा पद्धतही वेगळी. एवढ्या फरकावर दोन डायनोंमध्ये भांडण लावण्यात अर्थ नाही. दोन्ही गाड्या सारख्या आहेत. तरीही निकाल हवाच असेल तर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, तिथे दोघं जा. ४०२ मीटर संपताना कोणाचा वेग किती, तो बघा. सेकंद पकडीवर आणि सुटण्यावर ठरतात, शेवटचा वेग मात्र पॉवर आणि वजनाचा असतो. समृद्धी महामार्गावर हा प्रयोग करू नका.

तीन रनमध्ये ३०८, ३०१, २९४ अशी घसरण झाली, ती मला ३०८पेक्षा महत्त्वाची वाटते. रोलरवर गाडी उभी असते, समोर एक पंखा. रस्त्यावर ताशी १५० किलोमीटरला जेवढी हवा इंटरकूलरवर येते तिच्या पासंगालाही तो पुरत नाही. आत जाणारी हवा तापते, नॉकची (पेट्रोल अवेळी भडकण्याची) चाहूल लागली की इसीयू इग्निशन मागे घेतो, पॉवर पडते. हे डायनोमुळे झालं की पेट्रोल कमी पडतंय, हे लॉगमध्ये कळेल : प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागे गेलं, हवेचं तापमान, मागितलेला बूस्ट (टर्बोचा दाब) आणि मिळालेला बूस्ट. ट्यूनरकडे हे असायलाच हवं. फाइल कोणत्या पेट्रोलवर लिहिली तेही विचारा. ९७ ऑक्टेनवर लिहिलेली फाइल आणि नाशिकला टाकीत साधं ९१, असं असेल तर शीट फाडून टाका.

गिअरबॉक्सचंही बघा. तुमचा सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कंपनीच्या कागदावर ३५० न्यूटन-मीटरचा आहे. दुरुस्ती वगळूनही तुम्ही ३९६ पाठवताय. क्लच घसरत असेल तर रनच्या मध्येच आरपीएम वर पळतो आणि रोलरचा वेग तेवढा वाढत नाही. सगळा रन एकाच गिअरमध्ये होतो, म्हणून या दोन वेगांचं प्रमाण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहायला हवं. तुमच्या फोटोत ते दिसत नाही, फाइलमध्ये दिसेल.

आणि रीमॅपच्या आधीचा रन कुठंय? तोच डायनो, तीच दुपार, तेच टायर, आधी एक आणि नंतर एक, यातला फरक म्हणजे तुम्ही दिलेल्या पैशांचं उत्तर. कंपनीच्या ब्रोशरमधले २३० आणि या रोलरवरचे ३०८ यांची वजाबाकी करता येत नाही.

नमस्कार. माझ्याकडे २०१३ची सुबारू बीआरझेड आहे. शीटवर एचपी आणि टॉर्कच्या रेघा बरोबर ५२५२ आरपीएमला छेदतात. पुण्यातल्या भाच्याच्या टर्बो गाडीच्या शीटवर त्या छेदतच नाहीत. त्याला फसवलं का? शिवाय माझ्या शीटवर ४००० आरपीएमच्या आसपास टॉर्कमध्ये खड्डा आहे. नवीन सायलेन्सर बसवल्यामुळे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

भाचा सुखरूप आहे. ५२५२ हा आकडा पाउंड-फूट आणि एचपीचा. न्यूटन-मीटर आणि पीएस एकाच मापावर काढले तर त्या रेघा ७०२४ला भेटतात, आणि त्याची गाडी ६५००लाच कट मारते.

खड्डा सायलेन्सरचा नाही. त्या दोन लिटर इंजिनाला साधारण ३५०० ते ४५००मध्ये तो जन्मापासून आहे, कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या शीटवरही दिसेल. बराचसा भरायचा तर एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्या) बदलून त्यावर नव्यानं ट्यून करतात. सर्वोच्च आकडा त्यानं फार हलणार नाही, पण शहरातून गाडी चालवताना हाच पट्टा वापरात असतो. मी पैसे खर्च केले तर इथेच करीन.

ताई, पोलो जीटी टीएसआय १.२ डीएसजी आहे. रीमॅपआधी पहिल्यांदा डायनोवर नेतोय. काय सांभाळू?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

तुझा प्रश्न सगळ्यात शहाणा, रीमॅपच्या आधी विचारलास म्हणून. गिअरबॉक्स मॅन्युअल मोडमध्ये ठेव, आणि ऑपरेटरला सांग की पेडलच्या तळाची किकडाउनची ‘टक’ लागू द्यायची नाही; ती लागली की गिअर खाली पडतो आणि रन वाया जातो. पुढची चाकं फिरणार आणि मागची उभी राहणार, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये येतो, तो आधी बंद करून घे. हवेचा दाब दोन्ही पुढच्या टायरमध्ये सारखा ठेव आणि तो आकडा लिहून ठेव, पुढच्या वेळी तोच हवा. पट्टे जास्त आवळले तर टायर रोलरवर दबतो आणि पॉवर तिथेच जाते, म्हणून दोन्ही वेळा तोच माणूस पट्टे बांधेल तर उत्तम. टायर जुने असतील, दगड अडकले असतील तर आधी काढ, ते रोलरवरून सुटतात तेव्हा समोर कोणी उभं नसावं.

तुझा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन-मीटरचा आहे आणि कंपनी तुला १७५ देते. ट्यूनरनं २५०च्या वरचा आकडा दाखवला तर नको म्हण. रीमॅप केलास तर विमा कंपनीला कळव, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचून घे, आरसी बुकावरच्या तपशिलाबाहेरचा बदल त्यात बसत नाही. शीटचा फोटो नको, डायनोची मूळ फाइल पेनड्राइव्हवर माग.