वाचक विचारतात : गावातला गेम जॅम

आयत्या वेळी जाहीर झालेल्या विषयावर शनिवार-रविवारात छोटा व्हिडिओ गेम बनवायचा, म्हणजे गेम जॅम. इंटरनेटवर 'लुडम डेअर' २००२ पासून चालू आहे. जगभरातल्या गावोगावी एकाच वेळी भरणारा 'ग्लोबल गेम जॅम' २००९ साली सुरू झाला. आपल्याच कॉलेजात किंवा वाचनालयाच्या सभागृहात असा जॅम घेऊ पाहणाऱ्यांच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या कॉलेजात ४० मुलांचा जॅम घ्यायचा आहे. सलग ४८ तास ठेवावा का? वेळापत्रक कसं आखावं? – संगणक शिक्षक, सांगली

सलग ठेवू नका. रात्रभर इमारत उघडी ठेवायची तर परवानगी, पहारेकरी, मुलींच्या घरच्यांची संमती हे सगळं आलं. आणि पहाटे तीनला लिहिलेला कोड सकाळी दुरुस्त करण्यातच रविवारची दुपार जाते. शनिवारी सकाळी १० ते रात्री ९ आणि रविवारी ९ ते ३:३० एवढ्या वेळात साडेसतरा तास मिळतात. छोट्या गेमला तेवढे पुरतात.

वेळापत्रक रविवारच्या संध्याकाळपासून मागे मोजत आखा. ४ ते ५:३० सगळ्यांनी सगळ्यांचे गेम खेळायचे. त्यासाठी ३:३०ला गेम जमा व्हायला हवा, म्हणून दुपारी १२ नंतर नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका काढायच्या. शनिवारी ४ वाजेपर्यंत प्रत्येक गटाच्या पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. चित्रं नसली तरी चालेल, रंगीत चौकोन उडी मारतोय एवढं पुरे. शनिवारी रात्री घरी जाण्याआधी अर्धवट गेमचा पहिला बिल्ड (स्वतंत्रपणे चालणारी प्रत) काढून तो दुसऱ्याच गटाच्या लॅपटॉपवर चालवून बघायचा. ही एक अट पाळली तरी रविवारचा निम्मा गोंधळ टळतो.

गट तिघा-चौघांचे करा. पाचवा माणूस बहुधा खुर्चीमागे उभा राहून सूचना देतो. दारातच प्रत्येकाला चिठ्ठी लावा : कोड, चित्र, आवाज किंवा 'काहीही'. चित्र काढणारे नेहमीच कमी पडतात, तेव्हा कला शाखेत आणि चित्रकलेच्या क्लासात आधीच निरोप पाठवा.

खाण्याचा अंदाज : ४० जणांना नाश्त्याला साधारण ४ किलो कोरडे पोहे, एका फेरीला ४ लिटर चहा, दिवसाला २० लिटरचे ५-६ पाण्याचे जार. जेवणाचा आकडा शनिवारी साडेदहाला डोकी मोजून सांगा. नोंदणी फुकट असेल तर यादीतली सगळी नावं येतील असं धरू नका.

मागच्या वेळी दुपारी एकाच बाजूच्या टेबलांची लाईट दोनदा गेली, बाकी खोलीची नाही. असं का? – विद्यार्थी, नाशिक

ती लाईट गेली नव्हती, त्या बाजूचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला होता. एकाच सर्किटवर सगळे बोर्ड लागले होते आणि कुणीतरी चहाची इलेक्ट्रिक किटली तिथेच खुपसली असणार.

साध्या लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरा. ३० लॅपटॉपचे १९५० वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेआठ अँपिअर. हा भार दोन-तीन सर्किटांवर वाटला तर काहीच अडचण नाही. पण १५०० वॅटची किटली एकटीच साडेसहा अँपिअर खाते. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर २०० वॅटच्या घरात असतो, तो एक लॅपटॉप तिघांसारखा मोजायचा.

६ अँपिअरच्या एका सॉकेटवर एकच एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्यावर जास्तीत जास्त ८ साधे लॅपटॉप. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. स्वस्त बोर्डाची वायर बारीक असते. एमसीबी पडत नाही, पण पिन वितळते, आणि ते जास्त वाईट. किटली दुसऱ्या खोलीत १६ अँपिअरच्या सॉकेटवर न्या. कोणता सॉकेट कोणत्या एमसीबीवर आहे ते कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी विचारून खडूने भिंतीवर लिहून ठेवा. राउटरला छोटा यूपीएस लावा. खरोखरच लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतात, पण राउटर पडला की सगळेच उठून उभे राहतात.

इंटरनेट किती वेगाचं हवं? – वाचनालय कार्यकर्ती, रत्नागिरी

शनिवारी सकाळी ३० जण एकदम डाउनलोडला बसले तर कितीही वेग कमीच पडेल. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, एमआयटी या खुल्या परवान्याचं आहे आणि स्वतः आटोपशीर आहे. पण गेम बाहेर काढायला लागणारे एक्स्पोर्ट टेम्प्लेट जवळपास १ जीबीचे असतात. ३० जणांचे ३० जीबी झाले. ५० एमबीपीएसची लाईन पूर्ण वेगाने चालली तरी त्यात ८० मिनिटं जातात, आणि ती तशी कधीच चालत नाही.

म्हणून इंजिन, टेम्प्लेट आणि मोफत चित्र-आवाजांचा संच ४-५ पेनड्राइव्हवर भरून टेबलांवर फिरवा. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, आणि 'जागा असूनही कॉपी का होत नाही' या कोड्यात अर्धा तास जातो. चित्रांसाठी 'केनी' या संकेतस्थळावरचे संच सीसी-झिरो परवान्याचे आहेत, श्रेय न देताही वापरता येतात. 'फ्रीसाउंड' या आवाजांच्या संकेतस्थळावरचा परवाना मात्र आवाजागणिक वेगळा असतो, डाउनलोड करतानाच वहीत टिपा.

इंजिनची आवृत्ती दोन आठवडे आधी ठरवून सगळ्यांना कळवा. टेम्प्लेट त्याच नेमक्या आवृत्तीचे लागतात, ४.३ च्या एडिटरला ४.४ चे टेम्प्लेट चालत नाहीत.

आमचा गेम आमच्या लॅपटॉपवर छान चालतो. इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर चढवला की काळा पडदा. रविवारी संध्याकाळी हेच का होतं? – विद्यार्थिनी, पुणे

कारण ब्राउझरमध्ये तो तुम्ही पहिल्यांदा रविवारी संध्याकाळीच चालवता. कारणं ठरावीक आहेत, या क्रमाने बघा.

आधी फाईलचं नाव. कोडमध्ये 'प्लेअर' मोठ्या पीने आणि डिस्कवर छोट्या पीने असेल तर विंडोज कानाडोळा करतं. एक्स्पोर्ट झालेल्या गेममध्ये मात्र ती वेगळी फाईल ठरते आणि सापडत नाही. पहिल्याच दिवशी नियम करा : सगळी नावं लहान लिपीत, मध्ये स्पेस नाही.

मग झिप. झिप उघडल्याबरोबर इंडेक्स डॉट एचटीएमएल दिसली पाहिजे. फोल्डरच्या पोटात फोल्डर नको. एक्स्पोर्ट करतानाच फाईलला 'इंडेक्स' नाव द्या.

त्यानंतर थ्रेड, म्हणजे गेमची कामं समांतर चालवायची सोय. गोडो ४.३ पासून वेब एक्स्पोर्ट थ्रेडशिवाय निघतो, तो पर्याय बंदच राहू द्या. चालू असेल तर इचच्या पानावर शेअर्ड-अरे-बफरची खूण करावी लागते, नाहीतर गेम सुरूच होत नाही. आणि ४.३ मध्ये सी-शार्पचा वेब एक्स्पोर्ट नाही. त्या भाषेत लिहिणाऱ्या गटाला हे शनिवारी सकाळीच सांगा, रविवारी सांगून उपयोग नाही.

गेम चालतो पण आवाज नाही, अशी तक्रार असेल तर दोष गेमचा नाही. वापरणाऱ्याने एकदा क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. सुरुवातीला 'खेळा' असं बटण ठेवलं की काम झालं.

शिवाय एचटीएमएल फाईल डबल-क्लिक करून 'चालत नाही' म्हणू नका. ती तशी चालतच नाही, तिला सर्व्हर लागतो. गोडोतलं 'ब्राउझरमध्ये चालवा' हे बटण तेच काम करतं.

गेममधला मजकूर मराठीत हवा होता, पण अक्षरांच्या जागी ठोकळे आले. दुसऱ्या गटाचं 'विद्यार्थी' फुटून वेलांटी भलतीकडे गेली. – आयोजक, कोल्हापूर

ही दोन वेगळी दुखणी आहेत. ठोकळे आले म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी नाही. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये ती नाहीच, पण संगणकावर तो सिस्टिममधला फॉन्ट उसना घेतो, म्हणून एडिटरमध्ये सगळं ठीक दिसतं. ब्राउझरमध्ये ती उसनवारी चालत नाही. 'एक टाइप'चे मुक्त किंवा बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. त्यांतला एक प्रकल्पात टाका आणि प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कस्टम फॉन्ट म्हणून नेमा.

वेलांटी मागे पडणं हे मात्र अक्षरजुळणीचं दुखणं आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी जुळत नाही : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर उमटते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. दोन दिवसांत त्यावर इलाज शोधत बसू नका. शीर्षक आणि सूचना चित्र म्हणून बनवा. गुण मात्र खुशाल देवनागरी आकड्यांत दाखवा, आकड्यांना जुळणी लागत नाही. गोडो ३ मध्येही हीच अडचण होती, गोडो ४ मध्ये ती गेली. फॉन्ट तपासायला 'विद्यार्थी कऱ्हाडला क्रिकेट खेळतो' एवढं एक वाक्य टाका. वेलांटी, रफार, 'ऱ्ह' आणि 'क्र' चारही जागेवर असतील तर पुढे चला.

बक्षीस किती ठेवावं? – मंडळाचे सचिव, ठाणे

रोख मोठं बक्षीस ठेवू नका. ते ठेवलं की घरून तयार गेम घेऊन येणारे येतात, आणि परीक्षकांना कोड तपासत बसावं लागतं. त्यापेक्षा खेळण्याचा दीड तास नीट आखा. प्रत्येक गटातले निम्मे टेबलापाशी, निम्मे बाहेर, ४० मिनिटांनी अदलाबदल. प्रत्येकाला तीन टिकल्या द्या, आवडलेल्या टेबलाच्या कागदावर चिकटवायला. स्वतःच्या टेबलावर नाही.

नोंदणीच्या कागदावर दोन ओळी छापा. गेमची मालकी बनवणाऱ्या गटाची, आयोजकांची नाही. आणि एआयने काढलेली चित्रं किंवा कोड चालेल की नाही, हेही तिथेच. विषय जाहीर झाल्यावर हा वाद सुरू झाला तर जेवणापर्यंत मिटत नाही.