फ्लॅटच्या गॅलरीत छोटा पेट्रोल जनरेटर ठेवून त्याची वायर घरातल्या सॉकेटला जोडली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि पुरात दिवसेंदिवस लाईट नसते, म्हणून दोन केव्हीएचं मशीन घेतलंय. ते गॅलरीत ठेवायचं, दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीनं हॉलमधल्या सॉकेटला जोडायचं, आणि सलग किती तास चालेल तेही हवंय. गॅलरीत चालत नाही. सॉकेटला तर जोडायचंच नाही. मी लाईनमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय. त्या दोन पिनांच्या वायरीचं नाव काढलं की माझं डोकं तापतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. कृष्णाकाठच्या गावांत डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) पाण्यात, मीटर पाण्यात, पोल आडवे. पाणी उतरायला लागलं तसे आम्ही एकेका गावात शिरलो. ज्या गावाचं सांगतोय त्याचं नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत. गावठाणातल्या गल्लीत एलटीची, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या लाईनची, एक तार तुटून लोंबत होती, ती ओढून बांधायची होती. सबस्टेशनमधून फीडर (गावाकडं येणारी लाईन) बंद, कामाचं परमिट घेतलेलं, डीपीवरचे डीओ, म्हणजे ११ हजार व्होल्टकडचे फ्यूज, पाडलेले, खालचे फ्यूजही काढून आमच्याच पिशवीत ठेवलेले. कुणीही म्हणेल, लाईन मेलेली आहे.

आमच्याबरोबर एक कंत्राटी पोरगा होता, अंगानं चपळ. बोलता बोलता पोलवर गेलासुद्धा. वरून म्हणतो, "काका, सगळं बंद आहे की. साखळी कशाला परत?" साखळी म्हणजे सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी, तारेत चुकून करंट असलाच तर तो माणसाऐवजी तिच्यातून जातो. मी म्हटलं, साखळी टाकल्याशिवाय तारेला बोट लावलंस तर खाली आल्यावर माझ्याशी गाठ आहे. माझ्या गँगमध्ये हा नियम होता आणि तो मी कुणासाठी मोडला नाही, साहेब खाली उभे राहून घाई करत असले तरी. पोरानं नाराजीनं रॉडनं साखळी तारांवर टाकली आणि फाट्‌दिशी जाळ उठला.

पलीकडच्या आळीतून एक घरघर मघापासून ऐकू येत होती. पंप चालला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. साखळी पडली त्या क्षणी ती घरघर एकदम दबली, मशीन कण्हलं, आणि मग मोकळं सुटल्यासारखं पळायला लागलं. त्याचा ब्रेकर पडला होता. म्हणजे ज्या तारेला आम्ही मेलेली म्हणत होतो तिच्यात २३० व्होल्ट खेळत होते, आणि ते येत होते एका घरातल्या सॉकेटमधून.

आवाजाच्या मागानं गेलो. दुमजली घर, खाली चिखल, माणसं माडीवर. जनरेटर जिन्याच्या वळणावर ठेवलेला, आणि तीच वायर, दोन्हीकडं पिना, खोलीतल्या सॉकेटला खुपसलेली. घरमालक भला माणूस. हात जोडून म्हणाला, "मेन पाडून ठेवला होता ओ मी, आईशप्पथ." आणि तो खोटं बोलत नव्हता. मेन त्यानं पाडलाच होता. आमची गाडी गल्लीत आलेली बघून त्याच्या पुतण्याला वाटलं लाईट आली असेल, म्हणून त्यानं बघायला मेन वर केला. एवढंच झालं.

तिथंच जिन्याच्या वरच्या खोलीत त्याची आई पडून होती. सकाळपासून डोकं ठणकतंय, दोनदा उलटी झाली. घरचे म्हणत होते पुराच्या पाण्यानं पोट बिघडलं असेल. मी आधी मशीन बंद करायला लावलं, मग दोघांनी धरून म्हातारीला गच्चीवर नेलं आणि पाठोपाठ ट्रॅक्टरमधून दवाखान्यात पाठवलं. जनरेटरच्या धुरात होती हे डॉक्टरांना सांगा, असं मुद्दाम दोनदा बजावलं. त्या वाचल्या. पोरगाही वाचला, दर दिवाळीला फोन करतो.

आता तुमच्या गॅलरीकडे येतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, म्हणून "वास येत नाही, म्हणजे धूर आत येत नाही" हा हिशेब चुकीचा आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्टपणे त्याला धरून बसतं आणि ऑक्सिजनला जागाच राहत नाही. माणूस झोपलेला असेल तर जागही येत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखा लावला, यानं भागत नाही. चक्रीवादळानंतर अशा जनरेटरमुळे अमेरिकेत माणसं मरतात, म्हणून तिकडच्या आरोग्य खात्याचं सांगणं आहे की मशीन घराच्या कुठल्याही दारा-खिडकीपासून निदान २० फूट लांब, उघड्यावर, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. तुमच्या गॅलरीतून २० फूट मोजा. तुमचा हॉल, शेजाऱ्यांची बेडरूम, वरच्यांचं स्वयंपाकघर, सगळं त्यात येतं. स्टिल्ट पार्किंगही नको, वरच्या स्लॅबखाली धूर कोंडतो आणि जिन्यानं वर चढतो.

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यातला फरक त्या यंत्राला कळत नाही, ते ९८ दाखवत राहतं आणि माणूस जात असतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच होणं ही खूण धरा. आधी बाहेर मोकळ्या हवेत, मग १०८.

माझं स्पष्ट मत आहे की फ्लॅटवाल्यानं पेट्रोल जनरेटर घेऊ नये. दिवे, पंखा, मोबाईल, वायफाय एवढ्यासाठी इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी बास आहे. तुम्ही मशीन घेऊन बसलाच आहात, तर सोसायटीशी बोलून खाली उघड्या आवारात, भिंतींपासून लांब, उंच कोरड्या कट्ट्यावर जागा करून घ्या.

आता त्या सॉकेटचं. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझे साडू आहेत. तासगावला असतात, द्राक्षबाग आहे, माणूस दिलदार. पण घरात कुठलंही कार्य असलं की आमची या वायरीवरून जुंपतेच. त्यांचं पहिलं म्हणणं, मेन पाडला की काय होतंय? साडूभाऊ, मेन पाडणारा आणि मेन वर करणारा माणूस एकच असेल असं कोण लिहून देणार? वर त्या गल्लीत काय झालं ते वाचा.

दुसरं म्हणणं जरा हुशारीचं आहे. एवढंसं मशीन अख्ख्या गल्लीचा लोड कसा ओढेल, ते बंदच पडेल. एरवी पडतं, खरं आहे. पण पुरात गल्ली रिकामी असते, घरं बंद, मेन बंद, लोडच नसतो. मशीन बंद पडायला कारण उरत नाही आणि तार जिवंत राहते. डीपीचे फ्यूज जागेवर असतील तर आणखी वाईट. जी डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करते ती उलट्या बाजूनं सप्लाय मिळाला तर वरच्या तारांवर हजारो व्होल्ट चढवू शकते. तिकडं कुणीतरी दुसरा पोलवर असतो. शिवाय मेन चालू असताना खरी लाईट आली, तर ती तुमच्या मशीनवर येऊन आदळते आणि मशीन जळतं. आणि त्या वायरीची एक पिन सॉकेटमधून निसटली तर उघड्या पितळेवर २३० व्होल्ट, घरात लहान पोरं.

सोपा मार्ग आहे. मशीनवरूनच अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीनं, अर्थ पिनसकट, एक एक्स्टेंशन बोर्ड घरात घ्या आणि फ्रीज, दिवा जे काय ते थेट त्याच्यावर लावा. घरच्या वायरिंगचा संबंधच नाही. घरचेच पॉइंट चालायला हवे असतील तर चेंजओव्हर स्विच बसवा. एका बाजूला महावितरण, एका बाजूला जनरेटर, मधे शून्य. दोन्ही एकत्र जोडलेच जाऊ शकत नाहीत, मग पुतण्यानं काहीही करू दे. डबल पोल घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. लायसन्सवाल्या वायरमनकडून बसवा आणि अर्थिंग, आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) त्याच्याकडून तपासून घ्या.

तासांचं मात्र तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघावं लागेल, ते टाकी आणि लोडवर असतं. दोन केव्हीए म्हणजे साधारण १६०० वॅट धरा, तेही काठोकाठ वापरू नका. पाण्याची मोटर सुरू होताना चालू लोडच्या कितीतरी पट करंट ओढते, ती यावर लावू नका. हे राहिलंच होतं: पेट्रोल चालू किंवा गरम मशीनमध्ये कधी ओतायचं नाही, पूर्ण गार होऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत देवघरातल्या समईपर्यंतही पोचते. त्यामुळे कॅनही घरात नको. पावसात मशीन भिजू देऊ नका, पण ताडपत्रीत गुंडाळूनही चालवू नका, वर आडोसा आणि चारी बाजू मोकळ्या हव्यात. ओल्या हातानं पिन काढायची नाही.

साडूभाऊ, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, मेव्हणी तुम्हाला दाखवेलच. येत्या पावसाळ्याच्या आत तासगावला येतो. चेंजओव्हर माझ्याकडून, वायरमनला पैसे मी देतो. ती वायर मात्र तुम्ही माझ्यासमोर कापायची.