घाट उतरताना एसयूव्हीचं ब्रेक पेडल खाली गेलं, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, सर्विस सेंटर म्हणतं 'नॉर्मल आहे'. काय करावं?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सहा वर्षं जुनी सात सीटर डिझेल एसयूव्ही, घरची सगळी मंडळी आणि वर कॅरियरवर सामान, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना पेडल एकदम मऊ पडलं आणि खाली गेलं, तुमच्या मिस्टरांनी भराभर दोन-तीनदा दाबलं तेव्हा ब्रेक लागला. खाली चहाला थांबले आणि त्यानंतर नागपूरपर्यंत ब्रेक एकदम मस्त. सर्विस सेंटरवाल्यांनी एक चक्कर मारली आणि काही सापडलं नाही म्हणून गाडी परत दिली. आता मे महिन्यात पचमढीचं ठरलं आहे आणि घरात तुमच्याशिवाय कोणी हे मनावर घेऊन नाही राहिलं.

तुम्ही मनावर घेतलं ते एकदम बरोबर केलं. मी नागपुरातच गाड्यांचं काम करतो, त्यातही ब्रेक आणि सस्पेन्शनचं जास्त, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की अशीच गोष्ट सांगणारे लोक येतात. पेडल खाली जाणं आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप ठीक होणं, हे नॉर्मल नाही. तुम्ही जे लिहिलं त्यावरून मला नव्वद टक्के वाटून राहिलं की ब्रेक ऑइल उकळलं होतं.

हो, उकळलं होतं. आपण ब्रेक ऑइल म्हणतो पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नसतं, ग्लायकोलवर आधारलेलं द्रव असतं आणि त्याला हवेतलं पाणी शोषायची सवय असते. डब्बा सील असेपर्यंत ठीक, गाडीत टाकलं की होज पाईपच्या रबरातून, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून हळूहळू ओल आत जातेच. या ऑइलचे डॉट ३, डॉट ४ असे दर्जे असतात. नवीन डॉट ३ ऑइल किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की डॉट ३ ची हमी फक्त १४० ची राहते आणि डॉट ४ ची १५५ ची. आता घाटात कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापला, पाणी शिरलेलं ऑइल उकळलं, की आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणूनच तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, वाफ मात्र दाबली जाते, मग पाय खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. थांबलात, चहा घेतला, कॅलिपर थंड झाला, वाफेचं परत पाणी झालं, पेडल परत कडक. म्हणून गाडी सर्विस सेंटरला पोचेपर्यंत आजाराचा पुरावाच उरत नाही.

आणि नागपुरात तो दिसणारही नाही. आपलं शहर सपाट आहे, इथे सलग उतार म्हणजे फ्लायओव्हरचा नाहीतर सेमिनरी हिल्सचा, तोही सुरू होईस्तोवर संपतो. सर्विस सेंटरवाला पोरगा रिंग रोडवर गाडी फिरवून आला, चार वेळा ब्रेक मारला, चारही वेळा लागला, तो खोटं नाही बोलून राहिला, फक्त ज्या परिस्थितीत ब्रेक गेला ती परिस्थिती त्याने तयारच नाही केली. हिशेब पाहा: माणसं-सामान धरून गाडी अडीच हजार किलोची पकडा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर, परतवाडा त्याच्या सातशेएक मीटर खाली. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती तीच गाडी समृद्धीवर १२० च्या स्पीडवरून बारा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी होते. त्यातला मोठा हिस्सा इंजिनने घ्यायचा असतो, पण गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून किंवा न्यूट्रल मारून पाय पूर्ण वेळ ब्रेकवर ठेवला तर सगळं काही डिस्क-पॅडवर येतं, मध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही.

बरेच लोक म्हणतात नागपूरचं ऊनच तसं आहे, ४५-४६ मध्ये ब्रेक जाणारच. नाही हो. १४० डिग्रीसमोर ४५ म्हणजे काही नाही. उन्हापेक्षा मागच्या पाच-सहा पावसाळ्यांत ऑइलने जे पाणी पिलं ते जास्त नडतं.

तर पहिलं काम, गाडीची सगळी सर्विस बिलं काढा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. टॉप-अप नाही, बदललं. बहुतेक कंपन्या दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात, नेमकं तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल. सहा वर्षांत एकदाही बदललं नसेल तर बाकी काही शोधायच्या आधी हेच करा. रंग पाहून ठरवू नका, सोनेरी दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असतं. ओल मोजायचा पेनसारखा टेस्टर मिळतो, चांगल्या गॅरेजमध्ये असतोच, तो टाकीत बुडवायला लावा आणि रीडिंग स्वतः पाहा. तीन टक्क्यांच्या वर असेल तर चर्चाच नको.

बदलताना चारही चाकांवरून जुनं पूर्ण निघालं पाहिजे, नुसतं टाकीतलं इंजेक्शनने ओढून वरून नवीन टाकणं म्हणजे बदलणं नाही, उकळतं ते खालचं, कॅलिपरमधलं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, असलेल्या कितीतरी गाड्यांत एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला स्कॅनर लावावा लागतो, तो गॅरेजवाल्याकडे आहे का विचारा. ऑइलचा डब्बा तुमच्यासमोर सील तोडून उघडायचा आणि त्यावरचा डॉटचा नंबर टाकीच्या झाकणावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, टाकी कमी दिसली म्हणून कोणी पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल त्यात ओतलं तर ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात, मग मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) होज पाईपपर्यंत सगळंच बदलायची पाळी येते.

आता उरलेले दहा टक्के, कारण न पाहता शंभर टक्के मी म्हणू शकत नाही. घरी उभ्या गाडीत दोन गोष्टी तुम्ही स्वतः करून पाहू शकता. इंजिन चालू ठेवा, पेडल नेहमीच्या जोराने दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं समजा. यात बाहेर थेंबही गळत नाही, ऑइल आतल्या आत परत टाकीत जातं, म्हणून लेव्हल एकदम बरोबर दिसते आणि लोक फसतात. दुसरं, इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. तसंच दाबून ठेवून गाडी स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, गेलं म्हणजे बूस्टर, व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करून राहिला. काहीच हललं नाही तर बूस्टर, त्याचा पाईप किंवा व्हॅक्यूम पंप तपासायला लावा. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. तो गेला तर पेडल मऊ होत नाही, उलट दगडासारखं कडक होतं आणि दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. तुमचं मऊ झालं म्हणून मी याला मागे ठेवलं. मेकॅनिकला 'ब्रेक लागला नाही' एवढंच सांगू नका. मऊ होऊन खाली गेलं की कडक झालं, एवढं सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं.

कॅलिपरच्या पिना जाम आहेत का तेही पाहायला लावा. पचमढीहून आलेली अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, मागे लेकरं आणि आजी-आजोबा, गोष्ट सेम टू सेम तुमचीच. उघडलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या पिना गंजून बसलेल्या, पॅड कायम डिस्कला चिकटून, त्या एका चाकातलं ऑइल घाट सुरू व्हायच्या आधीच तापलेलं. ऑइल बदलून ती गाडी ठीक वाटली असती, पण पुढच्या घाटात परत तेच झालं असतं. म्हणून वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर चारही चाकांचं टेम्परेचर इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यायला सांगा, डिस्कला हात लावू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतात, पण डाव्या-उजव्यात मोठा फरक नको. मागे ड्रम असतील तर उघडून व्हील सिलिंडर गळतो का आणि शू नीट ॲडजस्ट आहेत का हेही पाहावं. आणि हो, अर्जंट ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरत असेल तर ते एबीएसचं काम आहे, त्याला घाबरू नका.

सर्विस सेंटरला परत जाल तेव्हा तोंडी सांगून येऊ नका. जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहायला लावा, 'घाट उतरताना पेडल मऊ होऊन खाली गेलं, पंप केल्यावर आलं, थंड झाल्यावर ठीक'. 'ब्रेक चेक' एवढंच लिहिलं तर ते परत एक चक्कर मारून देतील. खाली ऑइलमधल्या ओलीचं रीडिंग, चारही पॅडची जाडी आणि काय तपासलं ते लिहून मागा, कॉपी घ्या. एखादा 'नॉर्मल आहे' म्हणत असेल तर तेही सही-शिक्क्याने लिहून द्या म्हणा, बऱ्याचदा तिथेच नीट तपासणी सुरू होते.

तुम्ही कंपनीवर केस करता येईल का विचारलं. खरं सांगतो, ऑइल वेळेवर बदललंच नसेल तर त्याला मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट म्हणता येत नाही. पण बिलात ब्रेक ऑइल बदलल्याचे पैसे लावले आणि गाडीत जुनंच निघालं, तर ती सेवेतली त्रुटी आहे, त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आयोग गाडी किंवा पार्ट लॅबकडे तपासायला पाठवू शकतो, म्हणून काढलेला पार्ट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. शिवाय चेसिस नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ११०-अ आलं, त्यानुसार दोष असलेल्या गाड्या परत बोलवायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं. रिकॉल असेल तर ते काम फुकट होतं.

आता पचमढी. ऑइल पूर्ण बदलून, पिना तपासून, पेडलची टेस्ट पास झाली तरच ही गाडी न्या. मटकुलीच्या पुढे घाट सुरू होतो, चढताना काही वाटणार नाही, परीक्षा येताना. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला किंवा एलला टाका, डीमध्ये सोडून देऊ नका. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा एकदा नीट जोरात मारून स्पीड कमी करा आणि पाय काढा, डिस्कला हवा लागू द्या. जळक्या लायनरचा वास आला की थांबा, रुंद जागा पाहून अर्धा तास गाडी उभी ठेवा, गरम चाकांवर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होऊ शकते. कॅरियरवरचं सामान शक्य तितकं घरी ठेवा.

तरीही पेडल खाली गेलंच तर मिस्टरांनी मागच्या वेळी केलं तेच, भराभर पंप करायचं. सोबत एकेक गिअर खाली आणायचा, हॅन्डब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढायचा, एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्विच ओढून धरून ठेवायचा. चावी बंद करायची नाही, स्टीअरिंग जड होतं आणि चावी काढली तर लॉकही होतं. न्यूट्रल तर अजिबात नाही. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू, आणि जागा निवडायची वेळ आली तर दरीची बाजू सोडून डोंगराची बाजू. हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या सगळ्यांना निघायच्या आधी सांगून ठेवा, घाटात सांगायला वेळ नसतो.

सुट्टीच्या आधी काम नाही झालं तर छिंदवाड्यामार्गे बसने जा, नाहीतर दुसरी गाडी करा, बुकिंग वाया नको म्हणून हीच गाडी नेऊ नका. ओलीचं रीडिंग किती आलं आणि मिनिटभर धरल्यावर पेडल सरकलं का नाही, एवढं इथे लिहा, मॉडेल आणि डॉटचा नंबरही टाका, मग पुढे काय उघडायचं ते सांगतो.