समूहगीत: मुलं वर किंचाळतात, खाली आवाजच येत नाही (वडोदरा)

पाचवी-सहावीची चाळीस मुलं, हार्मोनियमवर सा काळी चारला (सप्तकातला चौथा काळा सूर). अंतऱ्यात किंचाळतात आणि मुखड्यातल्या मंद्र पंचमाला (सा च्या खालच्या प ला) नुसते ओठ हलतात, असं तुम्ही लिहिलंय. मुलं बेसूर नाहीत हो. काळी चार ही तुमची पट्टी (सा धरायची जागा) आहे, त्यांची नाही. सगळ्यात महागात पडलेली माझी चूक हीच, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे आधी सा ठरतो, मग गाणं. मुलांच्या बाबतीत उलटं करा. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर शोधा आणि तो हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकवर बसवा. मग सा जिथे येईल तिथे येऊ द्या. तुमचं गाणं मंद्र पंचम ते मध्य धैवत (सा च्या वरचा ध) एवढं फिरतं, म्हणजे सा पांढरी चार. वरचा धैवत पुढच्या पांढरी दोनवर येतो. दहा-अकरा वर्षांच्या गळ्याला एवढा पल्ला सोसतो. काळी चारवर मंद्र पंचम खालच्या सप्तकातल्या काळी दोनवर जातो; तिथे त्या वयात आवाज नसतोच. पट्टी पहिल्याच तालमीत ठरवा. दोन महिने घोटलेलं गाणं शेवटच्या आठवड्यात वर नेलं की मुलं जुन्याच जागेकडे घसरतात.

पट्टी वर गेली म्हणून किंचाळणं आपोआप थांबत नाही. ती छातीतला आवाज वर रेटतात. रोज पाच मिनिटं 'ऊ'वर वरून खाली घसरवत आणा, घुबडासारखं. सुरुवात वरूनच, खालून चढलात की पुन्हा तीच ओरड. (पुरुष शिक्षकांनी सूर स्वतःच्या गळ्यातून देऊ नये, एखाद्या मुलीकडून देववावा. नाहीतर मुलं खालचं सप्तक शोधत बसतात.)

आवाज फुटलेल्या मुलांना घरी पाठवू नका. त्यांना मंद्र सा आणि मंद्र पंचम धरून ठेवायला द्या, तेवढं त्यांना जमतं आणि समूहालाही बूड मिळतं. दोन गट करायचेच असतील तर भूप रागातलं गाणं घ्या. दुसऱ्या गटाने चार मात्रा मागून तेच गायचं. भूपात अर्ध्या स्वराच्या अंतरावर लागून असलेले सूर नसल्यामुळे कुठेही कर्कश टक्कर होत नाही. तिसऱ्या सुराची हार्मनी (मूळ चालीसोबत तिच्यापासून तिसऱ्या सुरावर गाणं) पहिल्या वर्षी नको, असं माझं मत. इतरांचं वेगळं असू शकतं.

हाताने ठेका मोजत बसू नका, तो तबला देतो. तुमच्या हाताने श्वास द्यायचा: उठावणीच्या (गाणं उचलायच्या) एक मात्रा आधी हात वर, तोंड उघडं. चाळीस तोंडं एकदम उघडली तर पहिलं अक्षर एकदम येतं. मराठी गाणं असेल तर 'चांदणं'मधला 'च' आधी सगळ्यांकडून एकसारखा करून घ्या. गुजराती घरातली मुलं तो 'चहा'तल्यासारखा म्हणतात आणि शब्द फाटतो.

माइक दोनच. पहिल्या रांगेपासून तीन फूट, एकमेकांपासून किमान नऊ फूट, रोख मागच्या रांगेवर.

नोकरी सोडून हेच करू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. एका शाळेच्या भरवशावर सोडू नका. संगीताची विशारद परीक्षा पदवीला समकक्ष धरतात का, हे शिक्षकाच्या त्या जागेसाठी लेखी घ्या. 'चालेल, चालेल' असं तोंडी सांगणाऱ्या एका कार्यालयाने ऐन वेळी कागद मागितला आणि अर्ज बाद केला. तिथल्या खिडकीवर बसणाऱ्यांबद्दल बोलायला लागलो तर मॉडरेटर धावून येतील. मे महिन्याचा पगार मिळणार का, हेही विचारा. पदवीच हवी असेल तर 1886 साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली गायनशाळा आज सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, सूरसागर तलावापाशीच. प्रवेशाचे नियम तिथेच जाऊन विचारा.

आणि स्पर्धा दसऱ्यानंतर लगेच असेल तर तालीम नवरात्राआधी संपवा. नऊ रात्री गरब्यात ओरडून आलेल्या गळ्यांना पुढचे चार दिवस 'ऊ'सुद्धा लागत नाही.